गुरुवारचा डबा

संध्याकाळी सहाच्या सुमाराला उज्वलाने स्टँडवरून आणलेला डबा ओट्यावर ठेवला, फडक्याची गाठ सोडली, झाकण काढलं, तर तळाशी मूठभर साखर. सांडलेली नव्हे, चुकून राहिलेली नव्हे. नीट मधोमध घातलेली आणि वर एक वेलदोडा. संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळे पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. देविकाच्या नीटच्या क्लाससाठी ती लेकीला घेऊन लातुरात एका खोलीत राहत होती, त्याला दीड वर्ष झालं होतं. नवरा, सुदर्शन, नांदेडला घरी एकटा. दर गुरुवारी सकाळी आठच्या नांदेड गाडीने ती त्याला डबा पाठवायची, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, असं तीन-चार दिवस टिकणारं काहीतरी, आणि त्याच गाडीने संध्याकाळी मागच्या आठवड्याचा रिकामा डबा परत यायचा. लातुरात यात काही नवल नाही. गावोगावच्या आया शिकायला आलेल्या लेकरांना एसटीने डबे पाठवतात. उज्वलाचा डबा तेवढा उलटा जायचा, आणि कंडक्टर माणिकप्पा त्यावरून तिची चेष्टा करायचा, "बाई, समद्यांचे डबे लातुरात उतरत्यात, तुमचाच एक हितनं चढतोय." एरवी संध्याकाळचा डबा क्लासवरून येता येता देविकाच घेऊन यायची. त्या दिवशी ती तापाने पडली होती म्हणून उज्वला गेली. साखरेकडे बघता बघता तिने डबा उजेडाकडे वळवला. कारण सुदर्शनचा डबा असा येत नसे. सुरुवातीला ती स्वतः आणायला जायची तेव्हा तो कडेला वाळलेल्या चटणीसकट यायचा, फडक्याला अशी गाठ मारलेली असायची की ती दाताने सोडवावी लागे. आज गाठ एका ओढीत सुटली होती. आणि डबा घासलेला होता, आतून बाहेरून, झाकणाच्या खाचेतसुद्धा.

"मम्मी," आतून देविकाचा बसलेला आवाज आला, "डबा रिकामाच हाय ना?"

"तर काय भरून येणार?" असं म्हणून उज्वलाने साखर नळाखाली धरली. ती विरघळायला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं. हे उज्वलाला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिच्या हातातच होतं. कंधारला आई शेजारच्या वाटीत साखर नसली तर चार शेंगदाणे टाकायची, तेही नसले तर परसातलं कढीपत्त्याचं एखादं डहाळ, पण वाटी रिकामी जाऊ द्यायची नाही. लहानपणी उज्वलालाच ती वाटी पोचवायला जावं लागे आणि वाटेत त्यातले शेंगदाणे खाल्ले म्हणून तिने एकदा पाठीत धपाटाही खाल्ला होता. बायकांचं हे असं असतं. पुरुष भांडं परत देतात तेच उपकार. सुदर्शन तर गणिताचा प्राध्यापक. डबा रिकामा झाला म्हणजे त्याच्या लेखी प्रश्न सुटला. वीस वर्षांच्या संसारात त्याने कुणाकडे भांडं परत नेल्याचं तिला आठवेना. म्हणजे साखर त्याने घातली नव्हती. म्हणजे ती कुणीतरी घातली होती, आणि ते कुणीतरी बाई होतं. कामवाली? कामवाली भांडी घासते, पण दुसऱ्याच्या घरची साखर डब्यात घालत नाही. तो मान घरच्या बाईचा. उज्वला तिथेच अडकली. तो मान घरच्या बाईचा. पाठोपाठ तिला आठवलं की डब्याच्या बुडावर तिचं नाव कोरलेलं आहे, लग्नात मावशीने दिलेला तो डबा, चि. सौ. कां. उज्वला, आणि जिने कुणी तो घासला तिच्या बोटाखालून ते नाव गेलं असणार. तरीही तिने साखर घातली. सवयच अशी की हात थांबला नसणार. चोरी करायला आलेल्या माणसाने उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवाव्यात तसं झालं हे, आणि उज्वलाला भीतीच्या आधी तिची कीव आली, ही गोष्ट ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला माफ करू शकली नाही.

रात्रीच्या ऐवजी तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच सुदर्शनला फोन लावला. तो नेहमीसारखा बोलला. देविकाचा ताप उतरला का, टेस्टला किती पडले, तुझ्या गुडघ्याचं काय. गुडघ्याचं त्याने विचारलं हेच तिला खुपलं. मागचे चार महिने तो गुडघ्याचं आठवणीने विचारत होता, आणि त्याआधीची अठरा-एकोणीस वर्षं तिला गुडघे आहेत हे त्याला माहीत असल्याचं कधी दिसलं नव्हतं. तिने हे सुख मानून घेतलं होतं. लांब राहिल्याने माणसाला किंमत कळते, असं तिने तिच्या बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा होतं. आता तिला एकेक गोष्ट आठवायला लागली आणि प्रत्येक गोष्ट उलटी करून बघावी तशी तिची दुसरी बाजू दिसायला लागली. दिवाळीला ती नांदेडला गेली तेव्हा फ्रिजमध्ये तिच्याच काचेच्या भांड्यात दही लागलेलं होतं, वर सायीचा जाड थर. "बाहेरून आणलं," तो म्हणाला होता. बाहेरचं दही भांड्याच्या कडेला असं धरून बसत नाही. तेव्हा ते तिने पाहिलं होतं, पण बघून न बघितल्यासारखं केलं होतं. म्हणजे कळायचं होतं ते दिवाळीलाच कळलं होतं की काय? माणसाला नेमकं कधी कळतं? डोळ्यांना कळतं तेव्हा, की मनाने हो म्हटल्यावर? ती भाजी चिरता चिरता थांबायची, आणि देविका पुस्तकातून मान वर करून तिच्याकडे बघायची, आणि दोघी पुन्हा आपापल्या कामाला लागायच्या.

पुढच्या आठवड्यात बुधवारी, कंधारला भावजयीला बघून येते असं देविकाला सांगून, ती नांदेडला गेली. स्वतःच्या घरी गेली नाही. तरोड्याच्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी, रसवंतीच्या बाकड्यावर तोंडाला स्कार्फ बांधून दुपारी बारापासून बसली. आपणच आपल्या घरावर पाळत ठेवून बसलोय याची तिला इतकी लाज वाटत होती की तिने न पिता तीन ग्लास रस घेतला. त्यांच्या घराचं गेट मोठं नाठाळ आहे. घर बांधलं तेव्हापासून ते खाली बसलेलं. गुडघ्याने किंचित वर उचलल्याशिवाय कडी सरकत नाही. गॅसवाला, पोस्टमन, सख्खा दीर, सगळे त्या गेटशी झटापट करून शेवटी हाक मारतात. एकच्या सुमाराला एक बाई पायी आली. फिक्या हिरव्या साडीतली, खांद्याला पर्स, हातात कापडी पिशवी. ती गेटशी आली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, गुडघ्याने गेट अलगद उचललं, कडी सरकवली, आत गेली आणि पाठीमागे न बघता हाताने गेट लावून घेतलं. किल्ली तिच्याकडे होती. पंधरा मिनिटांनी सुदर्शनची स्कूटर आली. उज्वलाला ती बाई ओळखू आली होती. प्रमोदिनी; त्याच्याच कॉलेजात ग्रंथालय बघायची, दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला येऊन गेली होती, वाण म्हणून दिलेली वाटी तिने दोन्ही हातांनी घेतली होती. नवरा वारला होता की सोडून गेला होता ते उज्वलाला आठवेना. तेव्हा तिला गेट उघडता आलं नव्हतं आणि उज्वलानेच बाहेर येऊन, हसत, तिला युक्ती दाखवली होती, "असं गुडघ्यानं उचला बघा, मग येतं." हे आठवल्यावर उज्वला उठली. तिने रसाचे पैसे दिले आणि रिक्षावाल्याला कोर्टाकडे घे म्हणून सांगितलं. घरी जाऊन दार वाजवावं, आरडाओरडा करावा, असं तिला वाटलं नाही. खरं तर काहीच वाटलं नाही. फक्त गुडघा दुखत होता.

वकील बुद्धप्रिया कांबळे तिच्या धाकट्या बहिणीची मैत्रीण. तिशीतली, बारीक चणीची, बोलता बोलता कागदाच्या कडा सारख्या करत राहणारी. तिने सगळं ऐकून घेतलं, साखरेचंसुद्धा. साखरेला ती हसली नाही, म्हणून उज्वलाचा तिच्यावर विश्वास बसला.

"ताई, एक सांगते ते ध्यानात ठेवा," ती म्हणाली. "आज तुम्हाला कळलं. आता अर्ज घालायचा असेल तर इथून पुढं त्यांच्यासोबत राहायचं नाही. सणाला जाल, एक रात्र मुक्काम कराल, की उद्या समोरचा वकील उठून म्हणेल, बाईंनी माफ केलं होतं. माफ केलं म्हटलं की आपली बाजू लुळी पडते."

"मुक्काम नाही करणार," उज्वला म्हणाली. "आणि डबा?"

"कसला डबा?"

"मी गुरुवारी डबा पाठवते त्यांना. उद्या गुरुवार आहे."

बुद्धप्रियाने पेन खाली ठेवलं. "डब्याचं काही कलम नाही, ताई. पण बंद केलात तर बरं. कळूनही बाई धपाटे पाठवत होती, हे काही चांगलं दिसत नाही."

"बंद केला तर त्यांना कळेल मला कळलंय म्हणून. ते लातूरला येतील. पोरीसमोर तमाशा होईल. चार मेला तिची परीक्षा आहे."

"मग तुम्हीच सांगा, घालायचा कधी?"

"चार मेनंतर," उज्वला म्हणाली. ते इतकं झटकन आणि इतकं बरोबर तोंडातून आलं की तिला स्वतःचाच अभिमान वाटला. फेब्रुवारीत अर्ज तयार झाला. तिने पानापानावर सह्या केल्या, तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली. "तुम्ही म्हणाल त्या दिवशी तारीख टाका आणि घेऊन या, बाकीचं मी बघते," बुद्धप्रियाने सांगितलं. कागद उज्वलाने लातूरला आणून तांदळाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तळाशी ठेवले. देविका स्वयंपाकाकडे फिरकत नसे.

आणि डबा जात राहिला. दर गुरुवारी पहाटे उठून पीठ मळायचं, धपाटे थापायचे, चांगले गोल धपाटे मोजून डब्यात, फाटलेले-करपलेले आपल्या दोघींना. हे सगळं पहिल्यासारखंच, फक्त आता थापताना ती विचार करायची की यातलं अर्धं प्रमोदिनी खाते. चटणीत मीठ जास्त टाकावं असा विचार एकदा आला आणि तो आल्याबद्दल तिला चटणीचीच दया आली. शिवरात्रीला सुदर्शन म्हणाला, येतेस का दोन दिवस? ती म्हणाली, देविकाचा पेपर आहे. तो "बरं" म्हणाला. त्याने आग्रह केला नाही. त्या "बरं"मध्ये सुटकेचा श्वास होता की नव्हता, यावर तिने आख्खा आठवडा काढला. पण तिला छळणारी गोष्ट वेगळीच होती. चार मे जवळ यायला लागली तसतशी तिला ती तारीख अपुरी वाटायला लागली. परीक्षा झाली तरी निकाल जूनमध्ये. निकालाआधी पोरीला धक्का कसा द्यायचा? निकाल लागला की प्रवेशाच्या फेऱ्या, त्या ऑगस्टपर्यंत. कागदांवर बापाच्या सह्या लागणार. मग ती नव्या गावात, होस्टेलवर, पहिलं वर्ष, तेव्हा तर मुळीच नाही. आणि पुढे कधीतरी तिचं लग्न, सोयरीक बघायला येणारे पहिला प्रश्न काय विचारतात ते कुणाला ठाऊक नाही? एका दुपारी निवडलेले तांदूळ डब्यात ओतताना उज्वला हिशेब करत करत देविकाच्या बाळंतपणापर्यंत पोचली, आणि दचकली. आपण हे सगळं पोरीसाठी थांबवतोय, की पोरीच्या पदराआड लपतोय? शेहेचाळीस वर्षांची बाई, वीस वर्षं नोकरी नाही, कंधारला भावाच्या घरी एक खोली, ती पण भावजयीच्या मर्जीची. भीती वाटत होती, दुसरं काय. तिने ते स्वतःशी एकदा स्पष्ट म्हणून बघितलं, मला भीती वाटते, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग पुन्हा चार मे.

शिवाय देविका. संक्रांतीनंतर डब्यात साखर पुन्हा कधी आली नाही. ताप उतरल्याबरोबर देविकाने "मीच आणते, रस्त्यातच हाय," म्हणून डबा आणायचं काम पुन्हा आपल्याकडे घेतलं होतं, आणि तिने आणलेला प्रत्येक डबा कोरडा ठणठणीत. आतून पुसून घेतल्यासारखा. एकदाच साखर आणि मग कधीच नाही, हे कसं? कुणीतरी नांदेडला सावध केलं होतं. कुणी? त्या दिवशी आतून आलेला प्रश्न उज्वलाला आता रोज ऐकू यायचा. डबा रिकामाच हाय ना. दर आठवड्याला येणाऱ्या डब्याबद्दल असं कुणी विचारतं का? तिने कधी याआधी विचारलं होतं? देविका बापाची लाडकी. गणित त्याच्याकडून शिकलेली, नाक त्याचं, चिडली की गप्प बसायची तऱ्हा त्याचीच. संध्याकाळी ती गच्चीवर जाऊन फोनवर बोलायची. उज्वला जिन्यात उभी राहून ऐकायची, तर बोलणं फिजिक्सचं असायचं, आणि फिजिक्सचं आहे हे ऐकूनही तिला वाटायचं की मी जिन्यात आहे हे कळल्यावर हिने फिजिक्स काढलं. आपल्या पोटच्या पोरीवर आपण संशय घेतो म्हणून ती रडायचीसुद्धा, आणि रडून झालं की पुन्हा जिन्यात जायची. टेस्टमध्ये देविकाचे मार्क घसरत होते. सहाशे दहा, पाचशे ऐंशी, पाचशे चाळीस. "लक्ष कुठंय तुझं?" उज्वलाने विचारलं तर ती म्हणाली, "हितंच हाय की." आणि खरंच ती तिथेच बघत होती, ओट्याकडे, मांडणीकडे.

दहा एप्रिलला, गुरुवारी सकाळी, माणिकप्पाने डबा गाडीत घेता घेता सहज म्हटलं, "बाई, तुमची पोर लई शिस्तीची बघा. डबा हातात दिला की त्या बाकड्यावर बसती, उघडती, आत काय हाय ते कागदात बांधून घेती, रुमालानं डबा पुसती, मगच घराकडं. तुमी आला व्हता तो येक गुरवार सोडला तर कदीच चुकली न्हाई. मी म्हनलं, पप्पा खाऊ धाडत असतील लेकराला."

"हाव, खाऊच," उज्वला म्हणाली. स्टँडपासून खोलीपर्यंत ती कशी आली ते तिला कळलं नाही. देविका टेस्टला गेली होती. उज्वलाने तिचं कपाट उघडलं. पुस्तकांमागे, सरावाच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली बुटांचं एक खोकं होतं. त्यात पुड्या. त्याच उत्तरपत्रिकांच्या कागदात, ज्यावर गोल काळे करायचे असतात, त्या कागदात बांधलेल्या लहान लहान पुड्या, प्रत्येकीवर देविकाच्या रेखीव अक्षरात तारीख. साखर. साखर. चार बदाम. गुळाचा खडा, पाघळून कागदाला चिकटलेला. साखर आणि वेलदोडा. सर्वांत खालची पुडी आठ ऑगस्टची. आठ ऑगस्ट म्हणजे नागपंचमीच्या आदल्या दिवशी. त्या सकाळी उज्वलाने पुरणाची दिंडं पाठवली होती, त्याला आवडतात म्हणून, जास्त तूप लावून. दिवाळीच्या तीन महिने आधी. गुडघ्याची चौकशी सुरू व्हायच्याही आधी. तिने सगळ्या पुड्या जशा होत्या तशा रचून ठेवल्या, खोकं होतं तिथे ठेवलं, आणि हात धुतले. हाताला काही लागलं नव्हतं.

तो आठवडा वाईट गेला. आधी राग आला. आठ महिने पोरगी आपल्याला बनवत होती, बापाचं पाप झाकत होती. मग वाटलं, नाही, ती आपल्याला जपत होती. मग पुन्हा वाटलं, जपायचं तर पुड्या का ठेवायच्या, तारखा का टाकायच्या? फेकून द्यायच्या होत्या. ही काहीतरी जमवतेय. कुणाच्या विरुद्ध? दोघी एकाच खोलीत, चार हातांच्या अंतरावर, एकमेकींना चहा देत होत्या, लाइट गेली की एकमेकींना मेणबत्ती देत होत्या, आणि उज्वला वाट बघत होती की ही कधी बोलेल. परीक्षा अठरा दिवसांवर आलेली. आता हिला हलवायचं म्हणजे दोन वर्षांवर पाणी. न हलवावं तर ही अशी मांडणीकडे बघत बसते.

सतरा एप्रिलचा गुरुवार. उज्वलाने पहाटेच पीठ मळलं. तवा तापत ठेवला. पहिलं धपाटं थापलं आणि ते कापडावर तसंच राहू देऊन ती उठली, कपाटातलं खोकं काढलं आणि देविका जिथे वाचत बसली होती त्या टेबलावर ठेवलं. 

देविकाने खोक्याकडे बघितलं. पेनाचं टोपण लावलं. "माणिकप्पांनी सांगितलं?"

"तू पप्पाला सांगितलंस का, की मला कळलंय म्हणून?"

"न्हाई." देविका एकदम चिडली. "तुला तसं वाटलं? मी त्यांच्याशी शब्दानंबी बोलले न्हाई. फोन आला की टेस्टचं सांगते अन् ठेवते."

"मग लपवलंस कामून माझ्यापासून?"

देविका गप्प बसली, बापासारखी. मग म्हणाली, "पैल्यांदा कळलंच न्हाई मला, साखर कशाची. दोन-तीन वेळा आली तवा कळलं. नानी करायची की तसं, कंधारला. पप्पा कशाला करतील?" तिने एक पुडी उचलून पुन्हा ठेवली. "तुला कळलं असतं तर तू मला घेऊन नांदेडला गेली असतीस, भांडायला. माझा क्लास सुटला असता. मला डॉक्टर व्हायचंय, मम्मी. म्हणून लपवलं. तुझ्यासाठी न्हाई, माझ्यासाठी. आता खरं सांगायलेव."

उज्वला खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. ज्या पोरीसाठी ती थांबली होती ती पोरगी तिच्यासमोर इतकं उघड बोलत होती की तिला आपल्या तोंडातले सगळे शब्द खोटे वाटले. "मग फेकायच्या तरी," ती एवढंच म्हणाली.

"फेकू वाटेना. खाऊबी वाटेना." देविकाने खोकं जरा आपल्याकडे ओढलं. "अन् मग वाटलं, कोर्टात तारखा लागतात, म्हणून जुन्या पुड्यांवरबी मागनं मोजून टाकल्या."

"कोर्टाचं तुला कुणी सांगितलं?"

"तांदळाच्या डब्यातले कागद वाचलेत मी. फेब्रुवारीतच. तुला ताप आला होता, मी खिचडी टाकली, तवा." तिने मान खाली घातली. "समदं भरलंय त्याच्यात. तारीख तेवढी न्हाई. मी रोज बघते, मम्मी. क्लासवरनं आले की तू गच्चीवर कपडे काढायला जातीस, तवा बघते, तारीख पडली का म्हणून. न्हाई पडलेली दिसली की वाटतं, आज न्हाई, उद्या पडंल. मग वाचायला बसते अन् डोक्यात तेच. पेपर सोडवताना तेच. तू थांबलीस कामून?"

तुझ्यासाठी, असं उज्वला म्हणणार होती. ते शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले, कारण पाचशे चाळीस तिच्या डोळ्यांसमोर आलं. गच्चीवर कपडे काढायला जाताना ती रोज जिन्यात थोडा वेळ थांबत होती, खोलीतून फोनवरचं बोलणं ऐकू येतं का ते बघत, आणि त्याच वेळी खाली लेक तांदळात कोपरापर्यंत हात घालून बसलेली. "मला भीती वाटली," ती म्हणाली. "तुझी परीक्षा झाली की, असं म्हणत होते. पण मला भीती वाटली, बाळा."

"मलाबी," देविका म्हणाली.

तव्यातून धूर यायला लागला होता. उज्वलाने जाऊन गॅस बारीक केला. मग मांडणीवरचा तांदळाचा डबा खाली घेतला, हात घातला, पिशवी वर काढली आणि झटकली. थोडे तांदूळ फरशीवर सांडले ते तिने सांडू दिले. टेबलाशी देविकाने पुस्तकं सरकवून जागा केली आणि आपलं पेन पुढे केलं, काळ्या शाईचं, परीक्षेसाठी घेऊन ठेवलेलं. उज्वलाने शेवटचं पान उलगडलं. आपली सही तिला जरा परकी वाटली.

"आज किती तारीख?" तिला माहीत होती, तरी तिने विचारलं.

"सतरा."

तिने सतरा घातली. महिना घातला, वर्ष घातलं. एवढंसं काम, दोन-अडीच महिने त्याच्यापायी गेले होते. "दहाच्या गाडीनं नांदेडला जाते," ती म्हणाली. "बुद्धप्रियाला फोन करते वाटेतून. संध्याकाळी परत येते."

"मुक्काम करू नको."

"न्हाई करत."

तेवढ्यात फोन वाजला. माणिकप्पा होता. मागे स्टँडवरचा गलका, गाडीचं इंजिन. "बाई, आठ वाजायलेत. गाडी काढू का? डबा कुटं हाय?"

"आज डबा न्हाई, माणिकप्पा."

"बरं बरं. फुडच्या गुरवारी मंग."

"पुढच्या गुरुवारीबी न्हाई."

 मग तो "बरं, बाई" म्हणाला आणि फोन बंद झाला. उज्वला ओट्याशी आली. कापडावर थापून ठेवलेलं धपाटं कडेने थोडं सुकलं होतं. तिने त्याला पाण्याचा हात लावला आणि तव्यावर टाकलं, तेल सोडलं, उलटलं. सगळीकडून सारखं, गोल, कुठेही न फाटलेलं. दीड वर्ष असलं धपाटं या खोलीत कुणी खाल्लं नव्हतं. सवयीने तिचा हात डब्याकडे वळला. मग तिने ते देविकाच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "गरम आहे तोवर खा."